पायगुण

गेल्या हिवाळ्यात एका नव्या घराच्या दारात मी एक वाक्य ऐकले. बोलणारीचा आवाज मायेचा होता, हसरा होता, आणि तिच्या हातात दुधाचे पातेले होते. त्या वाक्याने काही मोडले असे मला म्हणता येत नाही. मोडण्याचा निदान आवाज होतो. इथे उलट सगळे आवाज गेले. एसीची घरघर, रस्त्यावरचा टँकर, माझ्या लेकीच्या पैंजणांची किणकिण, सगळे कुणीतरी कापसात गुंडाळून ठेवावे तसे झाले. अजूनही काही सकाळी मी जागी होते ती त्याच शांततेत.

ते वाक्य सांगण्याआधी मला रिकाम्या घरांविषयी सांगितले पाहिजे.

मी शाळेत जाऊ लागले त्याच्याही थोडे आधीपासून, नव्या घरांत सगळ्यांत पहिले पाऊल माझे पडत असे. आम्ही शारजात राहत होतो, अल मजाजला, खाडीकाठच्या उंच इमारतींपैकी एकीत. दुबईला कामाला जाणाऱ्यांचे ते झोपायचे गाव. आमच्या अवतीभवतीची मराठी कुटुंबे सारखी घरे बदलत: मूल झाले म्हणून मोठा फ्लॅट, भाडे वाढले म्हणून लहान, कुणाची आई गावाहून आली म्हणून खालचा मजला. नव्या घराची किल्ली मिळाली की समोरच्या काकू आमची बेल वाजवत आणि अम्मीला म्हणत, "तुमची लेक तासाभरासाठी द्याल का हो? आणि तो काळा मखमली फ्रॉकच घाला तिला. किती खुलतो!"

तो फ्रॉक काकूंनीच आणलेला होता. काकू साताऱ्याकडच्या. काका एका बांधकाम कंपनीत अकाउंटंट होते, आणि त्यांचा एकुलता एक मुलगा माझ्याहून थोडा मोठा.

दार उघडले की बंद घराचा वास अंगावर येई: ओला रंग, सिमेंट, नळात साचलेले कोमट पाणी. मागे सगळे थांबलेले असत. काकू माझ्या पाठीवर दोन बोटे टेकवून म्हणत, "चल चिमणे, उजवं पाऊल. यल्ला!" मी आत जाई. संगमरवराच्या फरशीचा गारवा तळव्यातून पोटरीपर्यंत चढे. प्रत्येक खोलीत माझ्याच श्वासाचा प्रतिध्वनी येई. मी सगळ्या खोल्या फिरून, बाल्कनीतून एकदा खाली पाहून परत दारात येई, आणि मग बाकीचे आत शिरत. शेगडीवर दूध उतू जाऊ दिले जाई. त्या जळक्या, गोड वासात पहिला पेला माझ्या हातात येई, आणि तळहातावर चिमूटभर साखर.

घरांपुरतेच नव्हते. पार्किंगमध्ये नवी गाडी आली, चाकाखाली लिंबू ठेवले की मागच्या सीटवर आधी मला बसवत. अजमानला कुणी ब्यूटी पार्लर काढले, तेव्हा आरशासमोरच्या फिरत्या खुर्चीवर पहिली मी बसले. खुर्ची गरगर फिरवली तेव्हा आरशातल्या आरशात कितीतरी मुली फिरल्या. सगळ्या काळ्या फ्रॉकातल्या, सगळ्या हसणाऱ्या.

या उंबऱ्यांच्या बाहेर मात्र मी कोण आहे हे कुणालाच समजत नसे.

आम्ही सिद्दी. मुरूडच्या किनाऱ्यावरचे. आमचे पूर्वज फार जुन्या काळी आफ्रिकेतून समुद्रावरून आले. कुणाला विकून आणले, कुणी शिपाईगिरी करत आला. मग कोकणातच राहिले. भात, मासळी, नमाज, शिव्या, सगळे कोकणचे झाले. केस आणि कातडी तेवढी पहिल्या किनाऱ्याची राहिली. अब्बा जबल अलीच्या बंदरात कामाला होते; अंधारातच त्यांच्या कंपनीची बस येई. ते गेले की दिवसभर इमारतीत मी आणि अम्मी.

लिफ्टमध्ये सुदानी बाई माझ्याशी अरबीत बोलत आणि मी गप्प राहिले की रागावत; त्यांना वाटे, पोरगी शिष्ट आहे. खाडीकाठी मुले सांभाळणाऱ्या इथिओपियन मुली मला पाहून त्यांच्या भाषेत गोड काहीतरी म्हणत, आणि मला उत्तर येत नाही हे पाहून त्यांचा चेहरा उतरे. किराणावाला अम्मीला विचारी, "मॅडम घर पे नहीं है क्या?" त्याला अम्मी कुणाची तरी मोलकरीण वाटे. शाळेच्या बसमध्ये एका मुलाने माझ्या दंडावर बोट घासले, ते उन्हात धरून पाहिले आणि शेजारच्याला म्हणाला, "नो यार, इट डझन्ट कम ऑफ." नंतर ते बोट त्याने सीटला पुसलेही. काही लागलेले नव्हते, तरी पुसले.

मराठी मंडळींत आणखी निराळे. मी तोंड उघडले की बायका एकमेकींना हाक मारत. "अगं इकडे ये, ऐक! ही बघ कसलं शुद्ध मराठी बोलते!" मला चार ओळी म्हणायला लावत, टाळ्या वाजवत. मूल बोलते याचे कौतुक वेगळे आणि पोपट बोलतो याचे वेगळे. तो फरक मला तेव्हाही कळत होता, फक्त सांगता येत नव्हता.

ते मराठी मला काकूंनी दिले. त्यांच्या स्वयंपाकघरात, स्टीलच्या ताटात रवा पसरून, माझे बोट धरून त्यांनी अक्षरे गिरवून घेतली. रव्याचा तो बारीक खरखरीतपणा आजही कुठलेही नवे पान उघडले की माझ्या बोटाच्या टोकाला जाणवतो. माझ्या केसांत कंगवा अडकला की काकू ओढत नसत. तेलाचे बोट घालून एकेक वळण मोकळे करत आणि म्हणत, "मेंढरू गं माझं!" त्यांच्या घरी ज्वारीच्या भाकरीला मिरचीचा ठेचा लावून मिळे. त्यांचा मुलगा कुरकुरे, "मम्मा, यू ऑलवेज गिव्ह हर फर्स्ट." त्यावर काकू म्हणत, "मग? ती आहेच पहिली!"

एकदा त्या घरात बायकांचे बोलणे चालले होते. इमारतीत एक नवी सून आली होती आणि महिन्याभरात तिच्या नवऱ्याला बढती मिळाली होती. पायगुण चांगला हो मुलीचा, असे सगळ्या म्हणत होत्या. मी तो शब्द जिभेवर घोळवून पाहिला. मग काकूंच्या पदराला धरून विचारले, "काकू, माझा पण पायगुण चांगला आहे?"

बायका हसल्या. काकूंनी मला जवळ ओढले. "तुझा? अगं, तुझ्यासारखी अख्ख्या शारजात दुसरी नाही!"

त्या दिवसापासून मला माझ्याविषयी एक गोष्ट पक्की ठाऊक झाली. बाकी सगळ्यांनी माझ्याविषयी केलेले तर्क चुकत असतील, पण माझ्या पावलांत काहीतरी आहे. बसमधला मुलगा बोट पुसत असताना मी माझ्या बुटांकडे पाहत असे. पुढे मराठी कविता शिकायला मी पुण्याला गेले. तिथे दुकानदार विचारीत, "मॅडम, विच कंट्री?" आणि मी मराठीत उत्तर दिले की आतून बायकोला बोलावत, ऐकायला. तेव्हाही मी मनाने कुठल्यातरी गार, रिकाम्या फरशीवर उजवे पाऊल टेकवून उभी असे. वर्गात वाचलेली माझी पहिली कविता पावलांवरच होती. मी जी कुणी झाले, ती त्या उंबऱ्यांवर बेतून झाले, असे म्हणायला हरकत नाही.

आता मी अजमानला राहते. अब्बा गेल्यापासून अम्मी आमच्याकडेच असते. माझी लेक यंदा पहिलीत आहे. तिचे केस माझेच, रंग माझ्याहून एक छटा गडद, आणि प्रश्न तिचे स्वतःचे.

काकूंच्या मुलाने शारजाच्या बाहेर, जिथे अजून रस्त्यावर वाळू सरकत येते अशा नव्या वसाहतीत, व्हिला घेतला. फोनवर काकूंचा आवाज थकलेला पण उत्साही होता. "चिमणे, शनिवारी वास्तुशांत. तू ये, आणि लेकीला घेऊन ये. तू झालीस आता मोठी. आता तिची पाळी!"

मला भरून आले. वारसा म्हणून माझ्याकडे दुसरे काय होते द्यायला? शुक्रवारी संध्याकाळी मी लेकीला दिवाणखान्यात चालून दाखवले. उजवे पाऊल आधी. खोल्यांतून हळू फिरायचे. घाबरायचे नाही. शेवटी साखर मिळते.

"बट व्हाय मी फर्स्ट?" तिने विचारले.

"कारण आपले पाय लकी आहेत," मी म्हटले.

अम्मी भाजी निवडत बसली होती. तिने मेथीची काडी हातातच धरली. "नको नेऊस तिला," ती म्हणाली. "ताप आहे म्हण."

"अम्मी, खोटं कशाला? आणि काकूंना किती वाईट वाटेल!"

"वाटू दे." एवढेच बोलून ती पुन्हा मेथीकडे वळली. म्हातारपणाची लहर, असे मला वाटले. नवऱ्याला शनिवारीही ड्युटी होती, म्हणून गाडी घेऊन मी आणि लेक, दोघीच निघालो.

व्हिलाच्या फाटकाला झेंडूच्या माळा होत्या. अंगणात प्लास्टिकची हिरवळ. उन्हाने तिला रबराचा वास सुटला होता. काकू दारातच होत्या, गुडघ्यांमुळे खुर्चीवर बसलेल्या. हातात दुधाचे पातेले, डोळ्यांत पाणी. त्यांनी माझ्या लेकीची हनुवटी धरली. "अगदी तूच गं! जशीच्या तशी!"

काका घड्याळ दाखवत होते. "यल्ला, यल्ला, मुहूर्त जाईल." लेक उंबऱ्याशी उभी राहिली, शिकवल्याप्रमाणे उजवे पाऊल किंचित उचलून, आणि माझ्याकडे वळून पाहू लागली.

तेवढ्यात काकूंची सून गाडीतून घाईघाईने आली. हातात ग्रोसरीची पिशवी. "आई, मिळाली बाहुली! त्या मलबारी दुकानात शेवटची एकच होती." तिने पिशवीतून बाहुली बाहेर काढली. नव्या घराला, नव्या गाडीला दृष्ट लागू नये म्हणून टांगतात ती काळी बाहुली. काळ्या कापडाची, पांढऱ्या दोऱ्याचे डोळे, डोक्यावर काळ्या लोकरीची कुरळी गुंडाळी.

आणि काकू म्हणाल्या, हसत, अगदी सहज, "अगं वेडे, आता कशाला ती? चिमणीच्या लेकीला बोलावलंय ना मी. एक काळं पुरे दाराला. दोन दोन कशाला!"

हेच ते वाक्य.

प्रथम मला ते समजले नाही. म्हणजे शब्द समजले; ज्या भाषेत मी कविता लिहिते त्याच भाषेतले ते साधे शब्द होते. मग मी सुनेकडे पाहिले. तिच्या चेहऱ्यावरचे रक्त उतरले होते. तिच्या चेहऱ्यावरून मला कळले, की जे मी ऐकले तेच बोलले गेले आहे.

"आई," ती पुटपुटली, "प्लीज."

"काय प्लीज? खोटं बोलते का मी? हिने आमच्या एकाही घराला नजर लागू दिली नाही. कापडाची बाहुली ती कापडाचीच. ही तर चालतीबोलती!"

सगळी घरे एकदम उजळली. ओल्या रंगाचा वास, पाठीवरची दोन बोटे, मागे थांबलेले लोक. ते थांबत होते. मला वाटे आदराने. फिरती खुर्ची, आरशातल्या त्या कितीतरी मुली. गाडीच्या चाकाखाली लिंबू, सीटवर मी: एकाच पिशवीतून आणलेल्या दोन वस्तू. तो काळा मखमली फ्रॉक.

"ममा, लुक!" लेक आनंदाने ओरडली. तिला बाहुली दिसली होती. "हर हेअर इज लाइक माइन!"

मी पुढे झाले आणि तिचा हात धरला. उचललेले पाऊल तिने गोंधळून मागे घेतले. माझा आवाज मला परका वाटला. "काकू, मी बाहुली होते?"

"बाहुली काय गं!" त्यांना खरेच दुखावल्यासारखे झाले. "राणीसारखं वागवलं तुला. पहिला पेला कुणाला दिला? माझ्या पोराला दिला नाही, तुला दिला. अगं, लहान बाळाला तीट लावतो ना आपण, गालाला? तशी तू. तीट काय वाईट असते?"

तीट वाईट नसते. तीट मायेनेच लावतात, आईच लावते. पण ती नेहमी दुसऱ्या कुणाच्या गालावर असते. तिला स्वतःचा गाल नसतो. हे मला तिथेच सुचले, आणि त्याचीही भीती वाटली: अशा क्षणीही काकूंनी दिलेली भाषाच माझ्या मदतीला आली होती.

"ही आधी जाणार नाही," मी म्हटले.

"मग कोण जाणार? मुहूर्त चाललाय! अहो, सांगा हिला काही."

काका घड्याळाकडे पाहत राहिले. त्यांचा मुलगा, जो एके काळी माझ्या पहिल्या भाकरीवर रुसायचा, फोनमध्ये डोके घालून उभा होता. सून ती बाहुली हातात धरून तशीच. खाली ठेवावी, मागे लपवावी की दाराला लावावी, काहीच तिला ठरवता येईना. मी लेकीला घेऊन फाटकाबाहेर आले. मागून काकूंची हाक आली, "चिमणे!" मी वळले नाही. वळले असते तर परत गेले असते, हे मला माहीत होते.

गाडीत लेकीने विचारले, "डिड आय डू द फूट राँग?"

"नाही गं. तुझं काही चुकलं नाही."

"देन व्हाय नो शुगर?"

अजमान येईपर्यंत ती झोपली. मी तिला उचलून वर आणले आणि खाटेवर टाकले. अम्मी स्वयंपाकघरात होती. माझ्याकडे पाहिल्यावर तिने चहाखालचा गॅस कमी केला. तिने काही विचारले नाही, आणि त्या न विचारण्यातच दुसरा धक्का होता.

"तुला माहीत होतं," मी म्हटले.

"पहिल्या दिवसापासून."

"आणि तू मला फ्रॉक घालून द्यायचीस? केस विंचरून? अम्मी, तू?"

ती चहाकडे पाहत बोलली. "तुझे अब्बा अंधारात जायचे ते अंधारात यायचे. त्या बिल्डिंगीत कुणी आपल्याला दार उघडत नव्हतं. वॉचमनसुद्धा मला मागच्या लिफ्टने जा म्हणायचा. मग एक दार उघडलं. ते कशासाठी उघडतंय, ते मला दिसत होतं. मी म्हटलं, ते आपण बघावं, पोरीने बघू नये. पोरगी जाईल, दूध पिईल, अक्षरं शिकेल."

"मी पायगुण म्हणत होते, अम्मी. इतकी वर्षं."

"हो ना. एक दिवस येऊन म्हणालीस, अम्मी, माझा पायगुण चांगला आहे." तिने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिले. "इतकी ताठ चालत आली होतीस. मोडू कशी?"

मला तिच्यावर ओरडायचे होते. पण ओरडावे कुणाच्या नावाने, तेच कळेना. काकूंच्या? त्यांनी मला वापरले, आणि केस न ओढता विंचरलेही. अम्मीच्या? तिने मला विकले नव्हते. तिने एक दार विकत घेतले होते, आणि त्याची किंमत एकटीने सोसली होती. मला फक्त एवढेच दिसत होते, की आदल्या संध्याकाळी, त्याच दिवाणखान्यात, मी माझ्या लेकीला तेच पाऊल टाकायला शिकवत होते, आणि मला थांबवायला अम्मीने या वेळी तोंड उघडले होते.

फोन वाजला. काकूंचा आवाजी निरोप होता. तो मी अम्मीच्या देखत ऐकला. "चिमणे, मुहूर्त टळला गं. शेवटी बाहुलीच लावली. रागावलीस का? का रागावलीस, तेवढं सांग. तुझ्या वाटणीचं दूध झाकून ठेवलंय." मध्ये एक थांबलेला श्वास. "सायीसकट."

त्यांना खरेच कळले नव्हते. या सगळ्यात मला सर्वांत जास्त सुन्न केले ते त्या एका शब्दाने, सायीसकट.

मी उत्तर दिले नाही. अजून दिलेले नाही.

स्वयंपाकघराच्या दाराशी पैंजण वाजले. लेक उठून आली होती, डोळे चोळत. दारात ती थबकली. तिने खाली फरशीकडे पाहिले, मग हळूच उजवे पाऊल उचलले आणि तसेच अधांतरी धरून आमच्याकडे पाहू लागली. कुणीतरी सांगेल म्हणून. मग साखर मिळेल म्हणून.

अम्मीने साखरेचा डबा उघडला, चिमूट घेतली आणि हात पुढे केला.

"घे, बेटा," ती म्हणाली. "साखर अशीच मिळते. त्यासाठी काही करावं लागत नाही."

लेक धावत आत आली. तिने कोणते पाऊल आधी टाकले, ते मी मुद्दाम पाहिले नाही.